भज्यांच्या वासाची रायफल

रायफल धूर सोडत होती आणि त्या धुराला भज्यांचा वास येत होता.

मी हुपरीत, पैंजणांच्या एका कारखान्यामागच्या गोडाऊनमध्ये उभी होते. एका टोकाला टेबलं मांडलेली. दुसऱ्या टोकाला भिंतीशी जुन्या गाद्या उभ्या केलेल्या आणि त्यांच्यापुढं कागदी टार्गेट लावलेलं. ही तिथल्या महिला नेमबाजी क्लबची रेंज. विमलताईंनी नेम धरला, श्वास रोखला, ट्रिगर दाबला. ‘फट्’ असा आवाज यायला हवा होता. ‘फटाक्’ असा आला. नळीच्या तोंडातून निळसर धुराची बारीक वळी निघाली. छर्रा टार्गेटच्या बऱ्याच वर, गादीत जाऊन बसला.

“घ्या वास,” विमलताईंनी रायफल माझ्यापुढं धरली. “शेंगतेल हाय का न्हाय, तुमीच सांगा.”

मी वास घेतला. शेंगतेलच होतं.

“मॅडम, कांदा चिरून आणू का?” मागून एक बाई म्हणाली आणि बाकावर बसलेल्या सगळ्याजणी खो खो हसत सुटल्या. मलाही हसू येत होतं. पण क्वालिटी हेडनं कस्टमरसमोर आपल्याच मालाला हसायचं नसतं. मी खोकल्याचं निमित्त केलं.

मी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही एअर रायफली बनवतो. छोटी कंपनी म्हणजे किती छोटी, तर मालकापासून वेल्डरपर्यंत सगळे दुपारी एकाच पत्र्याखाली डबा खातात आणि मालकांच्या डब्यातली चटणी सगळ्यांना माहीत असते. मालक म्हणजे बसूअण्णा. गाव सीमेकडचं, घरात कन्नड, कंपनीत मराठी, रागावले की दोन्ही. मी त्यांच्यापेक्षा वयानं मोठी, म्हणून मला ‘अक्का’ म्हणतात.

आमची रायफल दारूवर चालत नाही, हवेवर चालते. नळी मोडल्यासारखी खाली वाकवली की आतली जाड स्प्रिंग दबते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते आणि एका पिस्टनला पुढं ढकलते. पिस्टन समोरची हवा दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला नळीतून बाहेर हाकलते. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट दाबून हवा मारली तर पंप गरम होतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इथं तेच होतं, पण डोळ्याचं पातं लवायच्या आत, म्हणून हवा भलतीच तापते. अशा वेळी पिस्टनपुढं तेल असलं तर ते पेटतं. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालतं, म्हणून आमच्या धंद्यात याला ‘डिझेलिंग’ म्हणतात. एक छर्रा पेटलेल्या तेलाच्या जोरानं वर जातो, पुढच्या वेळी तेल पेटत नाही आणि छर्रा खाली पडतो. नेमबाज कितीही चांगला असो, टार्गेटवर रांगोळी होते. वर स्प्रिंग तुटायची भीती वेगळीच.

आणि येत्या रविवारी जिल्ह्याची स्पर्धा होती.

विमलताईंबद्दल सांगायला हवं. पन्नाशीच्या बाई. स्वतःचा पैंजणांचा कारखाना. एका जत्रेत फुगे फोडायच्या स्टॉलवर त्यांनी बंदूक हातात घेतली आणि एकही फुगा शिल्लक ठेवला नाही. स्टॉलवाल्यानं हात जोडून त्यांना पुढच्या पाळण्याकडं पाठवलं, म्हणे. तिथून परत आल्या त्या डोक्यात क्लब घेऊनच. कारखान्यातल्या बायका, शेजारणी, जावा, सगळ्यांना उभं केलं. चांदीच्या बारीक कड्या जोडून जोडून या बायकांचे हात दगडासारखे स्थिर झालेले. ‘ओपन साइट’ प्रकारात त्या खेळणार होत्या, म्हणजे दुर्बीण नाही, नुसती लोखंडाची खाच आणि आपला डोळा. त्यासाठी त्यांनी नवरात्राच्या आधी आमच्या रायफली घेतल्या. आम्हाला एवढी मोठी ऑर्डर देणारा तो पहिलाच क्लब. या बायकांनी रायफली परत केल्या असत्या तर बातमी आमच्या टेम्पोच्या आधी कोल्हापुरात पोचली असती.

मी बसूअण्णांना फोन लावला. हातात रायफल होती म्हणून फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर सुरू केला.

“अण्णा, डिझेलिंग होतंय. सगळ्या रायफलींना. वास शेंगतेलाचा आहे.”

“शेंगतेल?” अण्णा ओरडले. “आपण काय हॉटेल काढलंय व्हय, अक्का? कंपनीत शेंगतेलाचा थेंब न्हाय. ह्यो सगळा त्यांचाच उद्योग. अवो, बायका हायत त्या! खंडेनवमीला पूजा केली असणार, हळद-कुंकू लावलं असणार आणि वर पळीभर तेल वतलं असणार. वॉरंटी बाद म्हणून सांगून टाका.”

विमलताईंनी पदर खोचला आणि फोनवर वाकल्या.

“पावणं, स्पीकर चालू हाय.”

पलीकडून बारीक आवाज आला, “कोण बोलतंय?”

“ज्या बायका हायत न्हवं, त्यातलीच एक.”

फोन कट झाला. रेंज गेली, असं अण्णा नंतर सांगत होते.

बायकांनी मला पूजेचा व्हिडिओ दाखवला. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, फोडलेला नारळ, आरतीत एक सूर वर आणि एक सूर खाली. तेल कुठंच नव्हतं. पण व्हिडिओ हा काही तांत्रिक पुरावा नव्हे. अण्णांनी तो एका वाक्यात उडवला असता.

“एखादी पेटी उघडायची राहिली आहे का?” मी विचारलं.

एक होती. क्लबातल्या एका सूनबाई बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यांची. आमच्या कंपनीची चिकटपट्टी जशीच्या तशी. मी ती सगळ्यांसमोर फाडली. रायफल बाहेर काढली, नळीत डोकावले, कोरडी ठणठणीत.

“मारा,” मी विमलताईंना म्हटलं.

त्यांनी मारायला सुरुवात केली. काय सांगू, रायफल नुसती गात होती! छर्ऱ्याला छर्रा चिकटत होता. टार्गेटच्या मधोमध एकच भोक, आणि ते हळूहळू रुंद होत होतं. माझी मान ताठ झाली. ‘तेल आपलं नाही, त्यांचंच,’ असं अण्णांसाठी वाक्यही मी मनात जुळवलं.

“थांबू नका. मारत राहा.”

गोडाऊनला पत्रा आणि बाहेर ऑक्टोबरचं ऊन. विमलताईंच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला. मी हात लावून पाहिला तर रायफलीचं अंगही कोमट झालं होतं. आणि मग आवाज बदलला.

‘फटाक्!’

धुराची वळी निघाली.

“आला! आला! आला!” बाकावरच्या बायका उठून टाळ्या पिटायला लागल्या. एकीनं शिट्टी मारली. तेल आपण घातलेलं नाही याचा आनंद एवढा, की रायफल बिघडलीय हे त्या विसरूनच गेल्या. सगळ्यात गंमत म्हणजे मीही टाळी वाजवली. महिनोन्‌महिने छुपा असणारा दोष असा हात जोडून समोर आला की क्वालिटीवाल्या माणसाला होणारा आनंद दुसऱ्याला समजावून सांगता येत नाही.

मी पुन्हा फोन लावला. या वेळी स्पीकर बंद.

“अण्णा, तेल आपलंच आहे.”

“बाया ऐकाल्यात काय?”

“नाही.”

“मग या घेऊन ती रायफल,” अण्णा म्हणाले.

कंपनीत आल्यावर मी ती रायफल खोलायला घेतली. स्प्रिंग आत दाबलेली असते, ती हातानं सोडायची नसते. त्यासाठी स्क्रूचा एक शिकंजा असतो, त्यात रायफल धरून स्प्रिंग हळूहळू सैल करायची. स्प्रिंग निघाली. पिस्टन बाहेर ओढला. त्याच्या तोंडाशी एक सील असतं, हवा मागं निसटू नये म्हणून. ड्रॉइंगमध्ये ते प्लास्टिकचं आहे. ड्रॉइंगवर माझी सही आहे.

पिस्टनच्या तोंडाशी चामडं होतं. तपकिरी, चकचकीत, सुंदर. मी बोटानं दाबलं. तेल पाझरलं.

“अण्णा,” मी म्हटलं, “हे काय आहे?”

मला वाटलं होतं अण्णा चपापतील. त्यांचा चेहरा फुलला.

“बगितलंसा? लय भारी झालंय न्हवं? अवो, प्लास्टिकच्या सीलचा माल येईना. सप्लायर नुसता आज-उद्या करालता. मग डोक्यात आलं, आपल्या आजोबांच्या वक्ताला एअर रायफलीत चामड्याचंच सील असायचं. आणि चामड्याचं काम कोल्हापुरात न्हाय तर कुठं? चप्पल लाईनीमागं किसनमामा हायत, त्यांच्याकडनं करून घेतली.”

यात अण्णांचं काहीही खोटं नव्हतं. जुन्या रायफलींना चामड्याचं सील असायचं आणि ते उत्तम चालायचं.

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी भाचीच्या लग्नाला गेलता की.”

“ट्रायल घेतली?”

“मी सोता मारून बगितली! एक नंबर.”

“किती वेळ मारली?”

अण्णांनी आठवून पाहिलं. “चहा येईस्तवर.”

मला कोडं उलगडलं. आमची टेस्टही तशीच असायची. सकाळी, शेडमध्ये, थंड रायफल, मोजके छर्रे, टार्गेट पाहिलं की पेटी बंद. तेवढ्यात चामडं तापतच नव्हतं, मग तेल बाहेर कुठून येणार? हुपरीच्या बायकाही सुरुवातीला थोडाच सराव करायच्या. स्पर्धा जवळ आली तशा त्या दुपार दुपार मारायला लागल्या, आणि चामड्याला घाम फुटला.

आम्ही दोघं तडक किसनमामांकडं गेलो. मामांचं दुकान म्हणजे एक खोली, छतापर्यंत चपला, मध्ये मामा. अण्णांना बघून त्यांनी हात पसरले.

“या मालक! कशी काय झाली टोप्यांची?”

“टोप्या?” मी विचारलं.

“त्या बारक्या टोप्या हो, चामड्याच्या. मालक म्हणाले, मऊ पाह्यजे, चिराय नको, घट्ट बसाय पाह्यजे. कशाला म्हणून इचारलं तर सांगंनात, गुपित हाय म्हणाले. मग मीच वळखलं.” मामांनी डोळा मिचकावला. “पाडव्याला म्हशी पळवायच्यात न्हवं? शिंगांच्या टोकास्नी बसवायच्या. म्हणलं, मालकाच्या म्हशी गावात उठून दिसल्या पाह्यजेत. मग कशात कमी केली न्हाय. शेंगतेलात अशी मुरवली, अशी मुरवली, लोणच्यागत! वरनं पॉलिश मारलं ते माझ्याकडनं फुकट.”

अण्णा स्टुलावर बसले. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवून पळवतात, पण अण्णांकडं एकही म्हैस नाही. चपलेचं चामडं मऊ राहावं म्हणून त्याला तेल पाजतात. मामांनी आपलं काम जीव ओतून केलं होतं, फक्त ते काम आमचं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून हसत होते. थोड्या वेळानं अण्णाही हसायला लागले. आम्ही कशाला हसतोय हे मामांना कळलं नव्हतं, पण ते आमच्याहून मोठ्यानं हसत होते.

हसून झाल्यावर मी मामांना रायफल आणि पिस्टन दाखवला. “मामा, हे तापतं आणि तेल पेटतं.”

“आत्ता गं बया!” मामांनी कपाळावर हात मारला. “मग आदी सांगायचं न्हाय व्हय? मला काय सपान पडतंय?” हे ते अण्णांकडं बघून म्हणाले, आणि रास्त होतं.

नवी सीलं त्यांनी कोरड्या चामड्याची करून दिली. आम्ही ती कंपनीत सिलिकॉन तेलाचं बोट फिरवून बसवली. हे तेल सहजी पेट घेत नाही, एअर रायफलीसाठी तेच वापरतात. मग ट्रायल. या वेळी अण्णांना मी रेंजवर उभं केलं आणि सांगितलं, रायफल तापेपर्यंत मारायचं. चहा आला, गार झाला. दुसरा आला. अण्णांचा खांदा भरून आला.

“अक्का, झालं की आता.”

“नळीला हात लावा. गरम आहे?”

“कोमट हाय.”

“मारा.”

शेवटी रायफल चांगली तापली. धूर नाही, वास नाही. छर्रे जिथल्या तिथं. अण्णांनी रायफल टेबलावर ठेवली आणि नेहमीच्या सवयीनं दोन्ही हात वर करून नाचायला गेले, पण उजवा हात वर होईना.

दुसऱ्या दिवशी शिकंजा, सीलं आणि अण्णांना गाडीत घालून मी हुपरीला गेले. गाव जवळ आलं तसं अण्णा म्हणाले, “मी गाडीतच बसू काय?”

विमलताई दारातच उभ्या होत्या. “या पावणं. आत या. घाबरू नका, स्पीकर बंद हाय.”

अण्णांनी सगळ्यांसमोर हात जोडले. “चूक आमची हाय. तेल आमचंच हुतं. मी बोललो ते बोलाय नको हुतं.” एवढं सरळ ते माझ्याशी आजवर कधी बोलले नव्हते. विमलताईंनी मान डोलावली आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. चहा पिऊन व्हायच्या आत त्यांना कामालाही लावलं.

टेबलाभोवती सगळ्या बायका जमल्या. मी शिकंज्यात एकेक रायफल खोलत होते, त्या आपापली नळी आणि सिलेंडर चिंध्यांनी पुसून घेत होत्या. चिंधी तेलकट निघाली की एकमेकींना दाखवून खिदळायच्या. कुणी जुनं सील हातात घेऊन, “अगं, किती मऊ हाय, पैंजणाला घुंगराखाली लावूया की,” म्हणाली आणि खरोखरच एक बाजूला काढून ठेवलं. काम हळू चाललंय असं अण्णांना वाटायला लागलं. मालक लोकांना बसवत नाही.

“आणा हिकडं, मी हातानंच सोडतो. जल्मभर केलंय.”

“अण्णा, नको.”

“अवो काय हुतंय—”

स्प्रिंगला अडवून धरणारी पिन निघाली. ‘टणण्’ असा आवाज झाला आणि स्प्रिंग रिकाम्या बाजूच्या गाद्यांवर जाऊन आदळली, तिथून पत्र्यावर, आणि पत्र्यावरून विमलताईंच्या पाण्याच्या घागरीत. घागर घुमली. अण्णांच्या हातात रिकामी रायफल, तोंड उघडं.

“नाद खुळा!” विमलताई म्हणाल्या. “पावणं, नेम चांगला हाय तुमचा. रवारी येताय काय आमच्या टीममदी?”

त्यानंतर अण्णांनी शिकंजाच वापरला. सगळ्या रायफली जोडून झाल्या, तापेपर्यंत मारून झाल्या. शेवटी पोह्यांच्या ताटल्या आल्या तेव्हा सगळ्यांचे हात काळे आणि गोडाऊनला कसलाही वास नव्हता.

रविवारी मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. बायकोला न सांगता अण्णाही आले होते, कारण तिला कळलं असतं तर तीही आली असती आणि गाडीत जागा नव्हती. हुपरीच्या बायका एका रंगाच्या साड्यांवर नेमबाजीची जॅकेटं घालून उभ्या राहिल्या. प्रत्येक छर्ऱ्याला अण्णा डोळे मिटत होते आणि मला विचारत होते, “धूर?”

“नाही.”

“आता?”

“नाही, अण्णा.”

त्या बायकांच्या हातात लाकूड, लोखंड आणि चामडं होतं, आणि तिन्ही आमची होती. सरतेशेवटी हुपरीच्या टीमला सांघिक दुसरा क्रमांक मिळाला. निकाल ऐकताच अण्णा बाकावर उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. या वेळी उजवाही गेला. एका पंचांनी त्यांना खाली बसायला सांगितलं. ते बसले, पुन्हा उठले.

दुसरा क्रमांक म्हणजे रौप्यपदक. आता हुपरीच्या बायकांच्या गळ्यात चांदीचं पदक घालायचं म्हणजे विचार करायला हवा. विमलताईंनी ते मंचावरच उलटंपालटं करून पाहिलं, हातावर तोललं, नखानं खरवडलं. खाली उतरल्या त्या सरळ संयोजकांच्या टेबलाकडं.

“ह्यात चांदी न्हाय. नुसतं पॉलिश हाय. क्वालिटीचं कोण बगतंय तुमच्यात?”

संयोजक गोंधळले. “ताई, मेडल असंच असतं.”

“मग रौप्य कशापाय म्हणतायसा?”

त्या संयोजकांची मला मनापासून दया आली. अण्णांनी मात्र पुढं होऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अनुभवी माणसाच्या सुरात सांगितलं, “साहेब, वाद घालू नका. आदी माल उघडून बगा.”

तेव्हापासून आमच्या कंपनीत दोन नियम आहेत. पहिला, कुठलाही पार्ट बदलायचा असेल तर मला आधी सांगायचं, मी कुणाच्याही लग्नात असले तरी. दुसरा, प्रत्येक लॉटमधली एक रायफल पूर्ण तापेपर्यंत मारून बघायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि खांदा भरून येतो, त्यामुळं करायला कुणी तयार नसतं. सध्या ते मालकांकडं आहे.